हयातीचा दाखला

दिवाळीच्या पणत्या आवरून ठेवल्या, फराळाच्या डब्यांत तळाचा चुरा तेवढा उरला, की आमच्या एरंडोल गावात आणखी एक वार्षिक सोहळा सुरू होतो. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. वर्षातून एकदा बँकेत जायचे आणि ‘मी अजून जिवंत आहे’ असे सरकारला कळवायचे. याला म्हणतात हयातीचा दाखला. हल्ली त्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवण्याचीही सोय झाली आहे, पण आमच्याकडची पिकली पाने अजून स्वतः जाऊन सही केल्याशिवाय समाधान मानत नाहीत. कानाला मफलर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पासबुक, आणि सोबत नातू. या रांगेत निवृत्त मास्तर असतात, तलाठी असतात, पलटणीतून आलेले हवालदार असतात, एस. टी. चे जुने कंडक्टर असतात. आणि अगदी कडेला, भिंतीला टेकून बसलेल्या, श्रावणबाळ योजनेचे पैसे आले का हे विचारायला आलेल्या म्हाताऱ्या असतात.

मागल्या साली एका वृद्ध सहकाऱ्याला घेऊन मी तेथे गेलो होतो. त्यांच्या पासबुकातला आकडा कारकुनाने जरा मोठ्याने वाचला. भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीने तो ऐकला आणि मला विचारले, “मास्तर, यासले इतला पैसा, आन् माले इतलाच का बरं?”

तिच्या बोलण्यात मत्सर नव्हता. बाजारात एखाद्या जिनसाचा भाव विचारावा, तसे तिने विचारले होते. मला मात्र उत्तर देता आले नाही. “आजी, त्यांनी नोकरी केली,” असे काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, “मी काय बसीसनी खादं?” उभा जन्म दुसऱ्याच्या कपाशीत गेलेल्या बाईला यावर काय सांगणार?

घरी आल्यावर हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग जुनी पुस्तके चाळू लागलो, तेव्हा असे दिसले की हा प्रश्न काही या पासबुकाबरोबर जन्माला आलेला नाही. आमच्या खानदेशात तो निदान दोनशे वर्षे जुना आहे. इतकेच नव्हे, तर मराठी इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या पेन्शनीचा करार झाला तोच मुळी खानदेशच्या उंबरठ्यावर.

१८१८ चा जून महिना. पुण्याहून निघालेला दुसरा बाजीराव पळत पळत बऱ्हाणपुराजवळ, अशीरगडाच्या आसऱ्याला येऊन पोचला होता. समोर सर जॉन माल्कम. बोलणी झाली आणि पेशव्याने राज्यावरचा हक्क सोडला. बदल्यात माल्कमने त्याला सालीना आठ लाख रुपयांचे वचन दिले. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला. माल्कमचे म्हणणे असे की, पावसाळा तोंडावर आला आहे, पुढ्यात अशीरगडासारखा किल्ला आहे. लढाई लांबली तर याहून अधिक खर्च येईल. म्हणजे ही पेन्शन सेवेबद्दल नव्हती, दयेपोटीही नव्हती. तो एक सौदा होता. लढाई न करण्याची किंमत हप्त्याहप्त्याने द्यावयाची होती.

ती द्यायची कोणी? माल्कमने स्वतःच्या खिशातून नाही, कंपनीच्या भागीदारांनीही नाही. रयतेने. आणि त्या वेळी आमच्या रयतेची दशा काय होती? होळकर-शिंद्यांच्या फौजा, पेंढारी, १८०३-०४ चा दुष्काळ, या सगळ्यांनी मिळून खानदेश ओस पाडला होता. गावेच्या गावे उजाड, विहिरी बुजलेल्या, शेतांत बाभळी माजलेल्या. अशा मुलखातून जो सारा गोळा होई तो ज्या खजिन्यात जाई, त्याच खजिन्यातून ब्रह्मावर्ताच्या वाड्यातली दक्षिणा निघे. बाजीराव त्यानंतर जवळजवळ तेहेतीस वर्षे जगला. आठ लाखांप्रमाणे हिशेब केला तर अडीच कोटींच्या वर रक्कम होते. आमच्या गावच्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला पाटील ठाऊक, कुळकर्णी ठाऊक, आणि हप्त्याची तारीख ठाऊक.

आता त्याच काळातली दुसरी बाजू पाहावी. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल नाईक हे पिढ्यान्‌पिढ्या घाटवाटांची राखण करीत आणि त्याबद्दल गावांकडून, सरकारकडून हक्क घेत. राज्ये मोडली तसे हे हक्कही मोडले, आणि राखणदारच वाटमारी करू लागले. नवे इंग्रज सरकार आले. पहिले राजकीय प्रतिनिधी कॅप्टन ब्रिग्ज यांनी काही नाईकांना नेमणुका बांधून दिल्या, काहींच्या मागे फौज लावली. दोन्हींचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. अखेर १८२५ साली एल्फिन्स्टनच्या योजनेप्रमाणे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले आणि ते काम जेम्स औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटावर आले. पलटणीचे ठाणे झाले धरणगावला. आज धरणगाव स्वतंत्र तालुका आहे. पण माझ्या लहानपणापर्यंत ते एरंडोल तालुक्यातच मोडत होते, तेव्हा ही आमच्या घरचीच गोष्ट म्हणायची. औट्रमने अवघ्या नऊ माणसांनिशी आरंभ केला. त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, हळूहळू त्यांचा विश्वास मिळवला. काही वर्षांतच ती पलटण शेकड्यांनी मोजण्याइतकी झाली.

एवढ्यावर ही गोष्ट गोड झाली असती. परंतु खाज्या नाईकाचे काय? शिरपुरावरून माळव्यात जाणारा सेंधव्याचा घाट हा त्याच्या घराण्याने राखलेला. बाप गुमानसिंग, त्याच्यामागून हा. सरकारचा पगार खाऊन त्याने वर्षानुवर्षे तो रस्ता निर्धास्त ठेवला. पुढे त्याच्या हातून एक माणूस मारहाणीत दगावला, नोकरी गेली, तुरुंग घडला. १८५७ चा वणवा पेटला तेव्हा हाच खाज्या भीमा नाईकाला मिळाला, आणि जो घाट त्याने राखला त्याच घाटात त्याने सरकारचा सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली, अनेक भिल्ल पडले, आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या. खाज्याच्या बंडाची कारणे अनेक होती. सगळे पगारावर ढकलणे बरोबर होणार नाही. पण वीस-वीस वर्षे राखणदारी केलेल्या माणसाच्या म्हातारपणाची तजवीज त्या व्यवस्थेत कुठे बसत नव्हती, हेही खरे. न लढण्याबद्दल पेशव्याला आठ लाख. घाट राखण्याबद्दल नाईकाला महिन्याचा पगार, तोही मर्जी असेपर्यंत.

मध्यंतरी १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला. दत्तक पुत्र नानासाहेबाने पेन्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली आणि लॉर्ड डलहौसीने ती साफ नाकारली. आपण शाळेत शिकतो तो यातला अन्याय. पण डलहौसीचा युक्तिवाद एकदा शांतपणे वाचण्याजोगा आहे. त्याचे म्हणणे असे होते की, पेशव्याला इतकी वर्षे अपार द्रव्य मिळाले, त्याच्यावर कसलाही राज्यकारभाराचा भार नव्हता, औरस पुत्र नव्हता, आणि मागे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता ठेवून तो गेला. मग उरलेल्यांचा सरकारवर हक्क कसला? मनातल्या मनात मी कबूल करतो, की नानासाहेबाविषयी कितीही जिव्हाळा वाटला तरी, निव्वळ रयतेच्या बाजूने पाहिले तर या हिशेबात मला फारशी चूक सापडत नाही. न केलेल्या कामाबद्दल, तेही पिढीजात, शेतकऱ्याने का द्यावे?

चूक सापडते ती पुढे. हाच डलहौसी १८५६ मध्ये मायदेशी परतला तेव्हा कंपनीने त्याला सालीना ५००० पौंडांची पेन्शन दिली. त्या वेळच्या भावाने हे पन्नास हजार रुपये होतात. आणि आमच्या धरणगावचा तो औट्रम? सत्तावनच्या युद्धानंतर त्याला सरदारकी मिळाली आणि तिच्याबरोबर सालीना १००० पौंड. औट्रमने कर्तृत्व गाजवले नाही असे कोण म्हणेल? परंतु पेशव्याला लावलेली ती काटेकोर पट्टी स्वतःच्या घरातल्यांना लावताना कंपनीच्या हातून निसटली, एवढे खरे.

बाजीराव वारला त्याच्या पुढल्याच वर्षी, १८५२ साली, खानदेशात नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू झाली. विंगेटसाहेबांची ती प्रसिद्ध मोजणी. तत्त्व चांगले होते: जमिनीचा कस पाहून सारा ठरावा आणि तो तीस वर्षे बदलू नये. पण साखळ्या घेऊन शेतात शिरलेली माणसे पाहून लोकांना वाटले, सारा वाढणार. सावदा-फैजपूरकडे शेतकऱ्यांचे जमाव जमले, मोजणीवाल्यांना काम करू देईनात. आमच्या एरंडोलातही लोक उठले. अखेर लष्कर आले, पुढाऱ्यांना धरले, आणि मोजणी झाली. शाळेच्या इतिहासात या बंडाला जागा नाही. गावातही आता कोणाला आठवण नाही. अंजनीच्या काठी पांडववाडा दाखवणारे पुष्कळ भेटतात, या लोकांविषयी सांगणारा एकही नाही. मला मात्र ते फार जवळचे वाटतात. आपला पैसा कुठे जातो हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. किती जाणार एवढेच सांगायला लोक साखळी घेऊन आले होते.

याच गावात त्या काळी हातकागदाचा धंदा होता. एरंडोलचा जाड देशी कागद दप्तरांना उपयोगी पडे. साऱ्याच्या पावत्या आणि नेमणुकांच्या सनदा, दोन्ही कधीमधी आमच्याच कागदावर लिहिल्या गेल्या असतील, अशी एक गंमतीची कल्पना मनात येते. असो.

पुढे १८७१ साली सरकारने पेन्शनींचा कायदा केला. त्यातले एक कलम मोठे बोलके आहे. सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दल कोणाचे गाऱ्हाणे असले तर त्याने कलेक्टरकडे जावे. त्याच्या दाखल्यावाचून दिवाणी कोर्टाने असा दावा ऐकू नये. म्हणजे पेन्शन ही सरकारची मर्जी, सरकारची कृपा. कृपेवर फिर्याद कशी लावणार?

या सर्व काळात एक मोठा प्रवाह मात्र अखंड वाहत होता. इंग्रज मुलकी अधिकारी आणि लष्करी अंमलदार इथे नोकरी करीत, मायदेशी जाऊन राहत, आणि त्यांची पेन्शन लंडनमध्ये दिली जाई ती हिंदुस्थानच्या महसुलातून. दादाभाई नौरोजींनी जन्मभर हाच हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे फार सोपे होते. येथला पेन्शनर आपली पेन्शन येथेच खर्च करतो. त्याचा पैसा वाण्याकडे जातो, सुताराकडे जातो, पुन्हा गावात फिरतो. लंडनमधल्या पेन्शनराचा पैसा जातो तो कायमचा. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी जी साक्ष दिली, तिच्यातही हिंदी करदात्यावर लादलेल्या या खर्चाचा ऊहापोह आहे. तेव्हा गोखल्यांचे वय अवघे तीस वर्षांचे.

दादाभाईंचे ते म्हणणे किती खरे होते याचे उदाहरण आपल्याच कोकणात सापडते. दापोलीच्या कॅम्पात त्या काळी पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ महार शिपाई राहत. त्यांच्यातलेच एक हवालदार गोपाळबाबा वलंगकर. पलटणीत शिकलेली अक्षरे आणि दरमहाची पेन्शन यांच्या बळावर या माणसाने अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, आणि सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्यांच्यासारखेच दुसरे सुभेदार रामजी सकपाळ. लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर, आणि निवृत्तीनंतर दरमहा ५० रुपयांची पेन्शन. ती पुरत नव्हती, म्हणून साताऱ्यास पुन्हा नोकरी धरली. परंतु त्या पन्नासांच्या आधारावर घरात पुस्तके आली आणि धाकटा मुलगा शाळेत गेला. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. पेन्शन म्हणजे बसून खाण्याचा पैसा, असे कोणी म्हणू लागला की मला हे घर आठवते. ज्या समाजाकडे जमीन नव्हती, वतन असलेच तर गुलामीचे होते, त्याला पलटणीच्या पेन्शनीने पहिल्यांदा मान वर करून उभे राहण्याइतकी जागा दिली.

स्वातंत्र्यानंतर पेशव्यांच्या पेन्शनीची थोरली भावंडे, संस्थानिकांचे तनखे, काही वर्षे चालले. वचन सरदार पटेलांनी दिलेले होते, घटनेत घातलेले होते. तरी १९७१ मध्ये घटनादुरुस्ती करून ते बंद झाले. वचनभंग झाला हे खरे. पण तो भंग निदान लोकांनी निवडलेल्या संसदेत, उघड चर्चा होऊन झाला. १८५२ मध्ये एरंडोलच्या शेतकऱ्याला असे कोणते सभागृह होते?

आणि मग १७ डिसेंबर १९८२ हा दिवस आला. आमचे पेन्शनर मित्र तो दिवस सणासारखा पाळतात. नकारा नावाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, आणि निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती देसाई यांनी. सरकारने १९७९ साली पेन्शनचे नियम सुधारले, परंतु ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्याचा लाभ नाकारला होता. न्यायालय म्हणाले, अशी तारखेची भिंत घालता येणार नाही. आणि पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नव्हे, ती केलेल्या सेवेचे फळ आहे. १८७१ च्या कायद्यातली कृपा या निकालात हक्क म्हणून उभी राहिली.

येथपर्यंत वाचून एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, “मास्तर, तुम्ही स्वतःच्या ताटात वाढून घेता आहात.” तसे नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर जे नोकरीला लागले त्यांना जुनी पेन्शन लागू नाही, आणि मी त्यांच्यातला आहे. आमच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार चौदा टक्के घालते, आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. शेवटी हाती काय येईल हे बाजारच जाणे. २०२३ च्या मार्चमध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेने कचेऱ्या आणि शाळा ओस पडल्या. २०२४ मध्ये खात्रीच्या रकमेची नवी योजना सरकारने मान्य केली. नकारा निकालाने पाडलेली तारखेची भिंत अशा रीतीने दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभी राहिली. एकाच शिक्षककक्षात दोन मास्तर शेजारी बसतात, तेच वर्ग शिकवतात. एकाचे म्हातारपण सरकारच्या अंगावर, दुसऱ्याचे शेअरबाजाराच्या.

सैनिकांची गोष्ट आणखी निराळी. शिपाई पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो; इतर नोकरदार बढत्यांची स्वप्ने पाहतात त्या वयात हा ‘माजी’ होतो. म्हणून समान हुद्द्याला समान पेन्शन ही त्यांची मागणी मला नेहमीच रास्त वाटली. २०१५ च्या नोव्हेंबरात तिचा आदेश निघाला. तथापि २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, आणि चार वर्षांनी घरी परतणाऱ्या तीन चतुर्थांश तरुणांना पेन्शनच उरली नाही. एकरकमी पैसे तेवढे मिळायचे. सरकारला पेन्शनीचा बोजा खरोखरच जड झाला आहे, हे मी नाकारत नाही. पण घाट राखणाऱ्याचा हिशेब चार वर्षांत चुकता करावा, हे वाचले की मला सेंधव्याचा घाट आठवतो.

तेव्हा त्या म्हातारीच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. माझ्या सहकाऱ्याची पेन्शन ही त्यांच्या कामाची राहिलेली मजुरी आहे, तिला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ही मजुरी देणारा कोण? आयकर भरणारे शहरातले साहेबच केवळ करदाते, अशी एक समजूत हल्ली पसरली आहे. ही म्हातारी साबण घेते, चहाची पुडी घेते, नातवाला चप्पल घेते. प्रत्येक खेपेला कर देते. माझ्या सहकाऱ्याच्या पासबुकातल्या आकड्यात तिचेही काही पैसे आहेत. आणि तिने स्वतः राबून काढलेल्या वर्षांची नोंद मात्र कोणत्याही सेवापुस्तकात नाही. श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये, तेही वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला आणला तर. एस. टी. च्या कंडक्टरची कथाही फारशी वेगळी नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत २०१४ साली ठरलेली किमान पेन्शन महिना एक हजाराची. मोठ्या पेन्शनीवाल्यांची पेन्शन कापून हे अंतर मिटावे असे मला वाटत नाही. पण आपल्या मोर्च्यात आम्ही नोकरदारांनी या म्हाताऱ्यांसाठी एक फलक तरी धरला का, हे आठवू लागलो, तर आठवत नाही. त्या आठवड्यात मीही मोर्च्यात होतो.

यंदा नोव्हेंबरात पुन्हा सहकाऱ्याला घेऊन बँकेत जायचे आहे. मागच्या खेपेला म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटेना. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. कारकून भला होता, त्याने ओल्या फडक्याने बोट पुसून पाहिले, दुसरे बोट लावून पाहिले, आणि शेवटी म्हणाला, “आजी, उद्या या.” माझे सहकारी आपला दाखला घडी करून खिशात ठेवत होते. ते थांबले, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले, आणि तिच्यासाठी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहू लागले.